मलमानेच जखम चिघळते तेव्हा: अँटिबायोटिक मलम, पावडर आणि थेंबांच्या तीव्र ॲलर्जीत काय करावं

आत्ता तुमच्यासमोर कुणाला मलम किंवा पावडर लावल्यावर अंगभर गांधी उठल्या असतील, ओठ सुजले असतील, दम लागला असेल किंवा चक्कर येत असेल, तर १०८ ला फोन लावा आणि खालचा फक्त "काही मिनिटांत त्रास सुरू झाला तर" हा भाग वाचा. बाकीचं सावकाश वाचता येईल.

मराठवाड्यात असं घर क्वचितच सापडेल जिथे देवळीत किंवा फळीवर मलमाची एखादी अर्धी पिळलेली नळी नाही. सोयाबीन काढताना विळा लागतो, ऊसतोडीत कोयता निसटतो, कापूस वेचताना बोंडाची टोकं बोटांत घुसतात, हिवाळ्यात टाचांना भेगा पडतात. दवाखाना आठ-दहा कोसांवर आणि मेडिकल गावच्या फाट्यावर, मग नळी किंवा पावडर मेडिकलमधूनच येते. बहुतेकांना त्यानं काही होत नाही. पण काही जणांना याच औषधांची ॲलर्जी होते. ती ओळखली नाही तर साधी जखम महिनोन्‌महिने भरत नाही आणि क्वचित जीवावरही बेतते. मला सगळ्यात जास्त सलतं ते हे, की मलमानं जखम बिघडली की माणूस मलम बंद करत नाही, उलट आणखी लावतो. "रोज दोनदा मलम लावायलो डॉक्टर, तरी लई खाजायलंय," हे वाक्य ऐकलं की मी जखमेच्या आधी नळी बघायला मागतो.

काही मिनिटांत त्रास सुरू झाला तर

ही ॲलर्जी दुर्मिळ आहे, पण तिच्यात वेळ फार थोडा मिळतो. मलम, पावडर किंवा थेंब उघड्या जखमेवर पडले की औषध रक्तात लवकर शोषलं जातं. बॅसिट्रॅसिन या औषधामुळे अशी गंभीर प्रतिक्रिया आल्याच्या नोंदी बऱ्याच वर्षांपासून आहेत, विशेषतः ओल्या, खरचटलेल्या किंवा जुन्या जखमेवर लावल्यानंतर. बॅसिट्रॅसिनच्या इंजेक्शनबद्दल तर अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२० मध्ये कंपन्यांना ते बाजारातून काढून घ्यायला सांगितलं. मूत्रपिंडाला होणारी इजा आणि ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे सगळ्या अंगावर एकदम येणारी जीवघेणी ॲलर्जी, ही त्याची कारणं होती. जखम धुण्याच्या काही अँटिसेप्टिकमध्ये असणाऱ्या क्लोरहेक्सिडिननंही असा प्रकार होऊ शकतो.

लक्षणं सहसा काही मिनिटांत, फार तर तासा-दोन तासांत दिसतात. आधी तळहात, तळपाय किंवा टाळू खाजते. मग अंगावर गांधी, डोळ्यांच्या पापण्या आणि ओठ जड. त्यानंतर आवाज घोगरा होणं, घसा आवळल्यासारखं वाटणं, छातीत घरघर, उलट्या, पोटात कळ, थंड घाम, डोळ्यांपुढे अंधारी. लहान लेकरू अचानक मलूल पडतं किंवा रडता रडता त्याचा आवाज बदलतो.

नुसत्या गांधी असतील आणि बाकी सगळं ठीक असेल तर डॉक्टरांकडे जायला थोडा अवधी आहे. पण गांधींसोबत श्वासाचा त्रास, चक्कर किंवा थांबत नसलेल्या उलट्या, यांपैकी एकही गोष्ट असेल तर तो ॲनाफिलॅक्सिस समजून चाला. आपल्याकडे अशा वेळी "पित्त उठलंय" म्हणून आमसुलाचं पाणी लावतात आणि पोराला घोंगडीत गुंडाळून बसतात. त्यात जाणारी वीस मिनिटं परत मिळत नाहीत.

आधी माणसाला आडवं झोपवा आणि पायांखाली गोधडीची घडी ठेवून पाय उंच करा. दम लागत असेल तर पाय लांब करून टेकून बसवा. उलट्या होत असतील किंवा शुद्ध हरपत असेल तर कुशीवर वळवा, गरोदर बाई असेल तर डाव्या कुशीवर. लावलेलं औषध स्वच्छ पाण्यानं पटकन धुऊन टाका, पण त्यासाठी अडून बसू नका. काही खायला-प्यायला देऊ नका.

उभं करू नका, चालवू नका. आणि कळकळीनं सांगतो, मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नका. रक्तदाब कोसळलेल्या माणसाला उभं केलं किंवा ताठ बसवलं की मेंदूला आणि हृदयाला जाणारं रक्त आणखी कमी होतं, आणि असे रुग्ण वाटेतच दगावू शकतात. १०८ यायला उशीर होणार असेल तर जीप, छोटा टेम्पो, जे मिळेल त्यात आडवं झोपवून न्या.

यावर पहिलं औषध ॲड्रेनॅलिन. दवाखान्यात पोचताच स्पष्ट सांगा: "मलम लावल्यावर अमुक मिनिटांत सुरू झालं, दम लागतोय, ॲड्रेनॅलिन द्यावं लागेल का बघा." ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, स्नायूत देतात. मोठ्या माणसाला एक मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम असलेल्या ॲड्रेनॅलिनचा अर्धा मिलिलिटर. लेकरांना वजनाच्या दर किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. फरक पडला नाही तर ५ ते १५ मिनिटांनी पुन्हा देता येतं. हे आकडे सिस्टर, आरोग्यसेविका आणि खेड्यात प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांना ऐन वेळी आठवावेत म्हणून लिहिले आहेत. घरी कुणी स्वतःहून टोचू नये. लसीकरणाच्या ठिकाणी ॲनाफिलॅक्सिससाठीचा किट ठेवलेला असतो आणि त्यात ॲड्रेनॅलिन असतं, म्हणून तालुक्याला धावण्याआधी जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा उपकेंद्र उघडं आहे का ते विचारा.

ॲव्हिल आणि डेक्साचं इंजेक्शन, म्हणजे ज्याला गावात "पित्ताचं इंजेक्शन" म्हणतात, त्यानं खाज आणि गांधी कमी होतात. बंद होत चाललेला श्वास आणि कोसळलेला रक्तदाब त्यानं वेळेत सावरत नाही. ती इंजेक्शनं नंतर द्यायची, ॲड्रेनॅलिनऐवजी नाहीत.

बरं वाटलं म्हणून लगेच घरी निघू नका. काही जणांना काही तासांनी त्रास पुन्हा उसळतो. निदान सहा तास डॉक्टरांच्या नजरेखाली थांबा. प्रतिक्रिया तीव्र होती किंवा घर लांब आहे, तर रात्र दवाखान्यातच काढा.

एक-दोन दिवसांनी उठणारी ॲलर्जी

जास्त करून दिसते ती ही. हिच्यात जीव सहसा जात नाही, पण माणूस महिनाभर कामातून उठतो. शरीरातल्या पांढऱ्या पेशी औषधाची ओळख ठेवतात. पहिल्यांदा ही ओळख व्हायला साधारण दहा दिवस ते दोन आठवडे लागतात. त्यानंतर तेच औषध कधीही लागलं की एक ते तीन दिवसांत त्या जागी लाली, खाज, बारीक पाण्याचे फोड आणि चिकट पाझर सुरू होतो.

"दहा वर्षं हेच मलम वापरतो, तेव्हा काही झालं नाही, मग आताच काहून?" हा प्रश्न हमखास येतो. पण ॲलर्जी अशीच होते. आधी न वापरलेल्या औषधाची ती सहसा नसते, वापरता वापरताच होते. जितकं जास्त दिवस, जितक्या फाटलेल्या कातडीवर आणि जितकं घट्ट बांधून लावाल, तितकी शक्यता वाढते. म्हणून ती जास्त आढळते पायावर जुनी, न भरणारी जखम असलेल्यांना, घोट्याजवळ शिरा फुगून कातडी काळी पडलेल्यांना, टाचांच्या भेगांना वर्षानुवर्षं मलम लावणाऱ्यांना, आणि सतत कान वाहतो म्हणून कानात थेंब टाकणाऱ्यांना.

निओमायसिन हे यातलं सगळ्यात कुप्रसिद्ध नाव. १९४९ साली सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत ते सापडलं आणि पुढे जगभरच्या मलमांत, थेंबांत, पावडरींत गेलं. अमेरिकेतल्या संपर्क-त्वचारोगतज्ज्ञांची संघटना दर वर्षी एका ॲलर्जीकारक पदार्थाकडे लक्ष वेधते. २००३ साली तिनं बॅसिट्रॅसिन निवडलं, २०१० साली निओमायसिन. ही दोन्ही औषधं आपल्याकडच्या अनेक नळ्यांत एकत्र असतात.

निओमायसिनची एक खोड लक्षात ठेवा. त्याची प्रतिक्रिया दर वेळी भडक नसते. जुन्या जखमेवर किंवा भेगांवर ती नुसती कोरडी, जाड, खाजरी कातडी बनून राहते. फोड नाहीत, पाणी नाही. जखम भरत नाही एवढंच दिसतं. म्हणून कुणाला संशय येत नाही आणि नळीमागून नळी संपत राहते.

ॲलर्जी आहे की जखम पिकली आहे?

मलम थांबवायचं की दवाखाना गाठायचा, हे यावर ठरतं. म्हणून हा भाग नीट वाचा.

खाज जास्त आणि ठणका कमी असेल तर संशय ॲलर्जीवर घ्या. ठणका जास्त, हात लावला तर गरम, पिवळा-हिरवा घाण वासाचा पू, ताप, जांघेत किंवा काखेत गाठ, किंवा जखमेपासून वर सरकणारी लाल रेघ असेल तर जखम पिकली आहे. ॲलर्जीचा पाझर पातळ, पाण्यासारखा, पिवळसर असतो आणि वाळला की त्याची खपली होते. पुष्कळ जण त्यालाच पू समजतात. दोन्ही एकत्रही असू शकतात: आधी ॲलर्जी, मग खाजवून खाजवून जंतू शिरले.

मधुमेह असलेल्यांनी या खुणांवर भिस्त ठेवू नये. पायाची संवेदना कमी झालेली असेल तर आत सडलं तरी ठणका लागत नाही. शुगर असलेल्या माणसाच्या पायाची जखम मोठी होत असेल तर घरी अंदाज बांधत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

लालीचा आकार बघा. मलमाची ॲलर्जी जिथं मलम लागलं तिथं आणि जिथं ते ओघळलं तिथं असते. पट्टीखाली सगळीकडे लाल आणि कडेला पसरत गेलेली. पावडर भुरभुरली असेल तर लाली दूरवर विखुरलेली. चिकटपट्टी जिथं चिकटवली होती तेवढीच सरळ चौकोनी लाली असेल तर दोष पट्टीच्या चिकट भागाचा, मलमाचा नाही. बिब्बा लावला असेल तर काळपट डाग, त्याभोवती मोठे फोड आणि जिकडे तेल ओघळलं तिकडे लांब रेघा. टाचेच्या भेगांना किंवा काटा मोडल्यावर बिब्बा लावायची रीत अजून आहे, आणि कित्येकदा आधी बिब्बा, त्यावर मलम असं दोन्ही झालेलं असतं. डॉक्टरांना दोन्ही सांगा, संकोच करू नका. गाजर गवताची ॲलर्जी मात्र चेहरा, पापण्या, मान, कोपर आणि गुडघ्याच्या लवणीत दिसते आणि शेतात गेलं की वाढते. ती असलेला माणूस खाजेवर हाताला येईल ते मलम लावतो आणि वर दुसरी ॲलर्जी ओढवून घेतो. असे रुग्ण आपल्या भागात कमी नाहीत.

दोन गोष्टी आजपासून करा. लालीच्या कडेनं बॉलपेननं रेघ मारा आणि शेजारी वेळ लिहा. चार-सहा तासांत लाली रेघ ओलांडून पुढे गेली आणि दुखणं किंवा ताप असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि रोज एकाच उजेडात मोबाइलवर फोटो काढा. दहाव्या दिवशी डॉक्टरांना पहिल्या दिवसाची कातडी दिसत नाही, फोटोत मात्र दिसते.

उशिराच्या ॲलर्जीत पहिले पंधरा दिवस

मलम, पावडर, स्प्रे, सगळं बंद. एक बंद करून दुसरं सुरू, असंही नको. दुसऱ्या नळीत तेच औषध दुसऱ्या नावानं असायची शक्यता मोठी आहे.

जागा साध्या स्वच्छ पाण्यानं हळू धुवा, घासू नका. पाझर असेल तर मिठाच्या पाण्याच्या घड्या उपयोगी पडतात: अर्धा लिटर पाणी उकळून गार करायचं, त्यात मसाल्याच्या चमच्यानं नव्हे तर चहाच्या सपाट पाऊण चमचा मीठ विरघळवायचं. धुतलेल्या सुती कापडाची घडी त्यात बुडवून, पिळून, दहा-पंधरा मिनिटं ठेवायची. दिवसातून तीन-चार वेळा. उन्हाळ्यात टँकरचं किंवा बोअरचं पाणी आहे तसं जखमेवर ओतू नका, ते उकळूनच वापरा. मीठ दर वेळी नव्या पाण्यात घाला.

खाजेसाठी गोळी आणि सुजेसाठी स्टेरॉइडचं क्रीम डॉक्टर देतात. इथं एक मोठा खड्डा आहे. आपल्याकडे "खाजेचं मलम" म्हणून हाती येणाऱ्या बऱ्याच नळ्या मिश्र असतात: स्टेरॉइड, सोबत बुरशीचं औषध, आणि सोबत निओमायसिन किंवा जेन्टामायसिन. स्टेरॉइडमुळे दोन दिवस बरं वाटतं, आतलं अँटिबायोटिक ॲलर्जी पेटती ठेवतं, आणि नळी बंद केली की सगळं दुप्पट उसळतं. म्हणून डॉक्टरांना मुद्दाम विचारा: "यात फक्त स्टेरॉइड आहे ना, बाकी काही नाही ना?"

औषध कातडीत काही दिवस टिकून राहतं. मलम थांबवल्यावर दुसऱ्या दिवशी फरक दिसला नाही म्हणून घाबरू नका. पहिला आठवडा हळूहळू उतार, पूर्ण बरं व्हायला दोन ते तीन आठवडे. कधी कधी जखमेपासून दूर, हातांवर किंवा छातीवरही बारीक खाजरं पुरळ उठतं. तेही ॲलर्जीचंच असू शकतं, आणि डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

अंगाला ताप, कातडी खाजण्याऐवजी जळल्यासारखी दुखणं, तोंडात, डोळ्यांत किंवा लघवीच्या जागी फोड, कातडी सुटून येणं, अशी लक्षणं असतील तर मात्र वाट बघू नका. हा स्टीव्हन्स-जॉन्सन नावाचा आजार असू शकतो. तो पोटात घेतलेल्या औषधांनी जास्त होतो, पण सल्फा गटाच्या डोळ्यांच्या थेंबांनीही झाल्याच्या नोंदी आहेत. थेट मोठं रुग्णालय गाठा.

नळीवर काय वाचायचं

ब्रँडचं नाव पाठ करून उपयोग नाही, आतलं औषध वाचायचं. अक्षरं बारीक असतात. मोबाइलनं फोटो काढून मोठा करा, घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्या.

सोफ्रामायसिनमध्ये फ्रामायसेटिन असतं, आणि ते निओमायसिनचंच भावंड आहे. एकाची ॲलर्जी असलेल्याला दुसऱ्याची असतेच असं धरून चाला. निओस्पोरिनमध्ये निओमायसिन, पॉलिमिक्सिन बी आणि बॅसिट्रॅसिन अशी तिन्ही. नेबासल्फ पावडरमध्ये निओमायसिन, बॅसिट्रॅसिन आणि सल्फा गटातलं सल्फासेटामाइड. बेटनोव्हेट-एनमधला शेवटचा "एन" निओमायसिनचा. याचा अर्थ ही औषधं वाईट आहेत असा नाही. ज्याला ॲलर्जी आहे त्याच्यासाठी ती नाहीत, एवढंच. आणि कंपन्या घटक बदलतात, म्हणून दर वेळी हातातल्या नळीवरचंच वाचा.

निओमायसिनची ॲलर्जी असलेल्या बऱ्याच जणांना जेन्टामायसिन, टोब्रामायसिन, कॅनामायसिन यांचीही होते. जेन्टामायसिन आणि टोब्रामायसिन डोळ्यांच्या थेंबांत सर्रास असतात. डोळे आले म्हणून थेंब टाकले आणि दोन दिवसांत पापण्या सुजून, खाजून लाल झाल्या, तर डोळे "आणखी आले" असं समजून थेंब वाढवू नका. नायट्रोफ्युराझोन, म्हणजे जखमेवर लावायचं पिवळं मलम, हेही ॲलर्जी करणाऱ्यांत जुनंच. भाजल्यावर लावायचं सिल्व्हर सल्फाडायझिन सल्फा गटातलं आहे. सल्फाच्या गोळ्यांनी पूर्वी त्रास झाला असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. म्युपिरोसिन आणि फ्युसिडिक ॲसिड यांची ॲलर्जी त्या मानानं कमी दिसते, पण तीही डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यावीत.

पॅच टेस्ट

खरं कारण कळायचा खात्रीचा मार्ग हा. पाठीवर औषधांचे छोटे छोटे थेंब असलेल्या पट्ट्या चिकटवतात, ४८ तासांनी काढतात, तेव्हा एकदा बघतात आणि पुन्हा चौथ्या दिवसाच्या सुमारास बघतात. निओमायसिनची प्रतिक्रिया कधी कधी इतकी उशिरा येते की सातव्या दिवशी पुन्हा बघणं योग्य. हे डॉक्टरांना तुम्हीही आठवून द्या.

छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, नांदेड आणि लातूरची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, इथल्या त्वचारोग विभागात जाऊन विचारा. पॅच टेस्ट रोज होतेच असं नाही, आणि तीन-चार खेपा पडतात. म्हणून निघण्याआधी दिवस आणि वेळ विचारून घ्या, वाटेतल्या पाहुण्यांकडे मुक्कामाची सोय बघा.

वेळ निवडताना दोन गोष्टी धरा. अंगावरची ॲलर्जी पूर्ण बसून दोन-तीन आठवडे झालेले असावेत. आणि एप्रिल-मे टाळा, त्या घामात पट्ट्या पाठीवर टिकत नाहीत. पाठ भिजवायची नाही, जड ओझं उचलायचं नाही, म्हणजे पेरणी-काढणीच्या धबडग्यातही ती जमत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी दिवाळीच्या सुमारास निघण्याआधीच ती उरकलेली बरी, कारण फडावर कोयता लागला तर मुकादमाच्या पेटीतली जी नळी असेल तीच लावली जाते. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर सांगा, त्यांनी निकाल झाकला जातो.

ज्याला पूर्वी लगेच गांधी, दम किंवा चक्कर आली होती, त्यानं घरी हातावर थोडं मलम लावून "बघू या" असा प्रयोग कधीही करू नये. त्याची तपासणी ॲड्रेनॅलिन हाताशी असलेल्या रुग्णालयातच व्हायला हवी.

मग जखमेला लावायचं काय?

माझं स्पष्ट मत आहे की घरगुती, लहान, स्वच्छ जखमेला अँटिबायोटिक मलमाची गरजच नसते. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात कातडीवरच्या छोट्या शस्त्रक्रियांनंतर ९०० हून अधिक रुग्णांपैकी काहींना बॅसिट्रॅसिन आणि काहींना साधी पांढरी पेट्रोलियम जेली लावली. जखम पिकण्याच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. ॲलर्जी मात्र बॅसिट्रॅसिनच्या गटात काही जणांना झाली, जेलीच्या गटात एकालाही नाही.

स्वच्छ कापडानं दाबून रक्त थांबवा. पिण्याजोग्या वाहत्या पाण्यानं पाच-दहा मिनिटं धुवा, साबण जखमेच्या भोवती. शेतात पाण्याची एक बाटली फक्त यासाठी ठेवा. माती, काडी राहिली तर काढा. मग नळीतल्या पेट्रोलियम जेलीचा पातळ थर, त्यावर गॉज, आणि दिवसातून एकदा बदला. उघड्या डबीत सगळ्यांची बोटं जातात, म्हणून नळीच घ्या. अँटिसेप्टिकचं घट्ट द्रावण पाणी न मिसळता जखमेवर ओतू नका, त्यानं कातडी पोळते आणि ती पोळलेली कातडी पुढे ॲलर्जीसारखीच दिसते. हळद, चुना, तंबाखू, राख यांतलं काहीही नको. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा. कुत्रं चावलं असेल तर साबण लावून १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. तिथं मलमाचा प्रश्न नंतरचा.

पिकलेली जखम, लेकरांच्या तोंडाभोवती पसरणारे पिवळ्या खपलीचे फोड, खोल किंवा गंजलेल्या लोखंडाची जखम, मोठं भाजणं: इथं अँटिबायोटिक लागेल की नाही ते डॉक्टर ठरवतील. त्यांना ॲलर्जीचं आधी सांगा.

चिठ्ठी, लस, गोठा आणि तक्रार

निदान झालं की एक चिठ्ठी लिहून आधार कार्डासोबत ठेवा आणि तिचा फोटो मोबाइलमध्ये. मजकूर साधा: "मला निओमायसिन, फ्रामायसेटिनची ॲलर्जी आहे. मलम, पावडर, डोळ्यांचे व कानाचे थेंब यांत ही औषधं नकोत. जेन्टामायसिन देण्याआधी विचार करावा." लगेचची प्रतिक्रिया आली असेल तर "श्वासाचा त्रास झाला होता" हे लाल शाईनं. त्वचेवर ॲलर्जी असलेल्याला तेच किंवा त्याच कुळातलं औषध सुईनं दिलं तर अंगभर पुरळ उठू शकतं, म्हणून ही चिठ्ठी दाताच्या डॉक्टरांपासून बाळंतपणापर्यंत सगळीकडे दाखवा.

गोवर-रुबेलासारख्या काही लसींत निओमायसिनचा अंश असू शकतो. आईला किंवा लेकराला मलमानं नुसती खाज-लाली झाली असेल तर त्या कारणानं लस चुकवू नका. तेवढ्यानं लस टाळायची नसते. लेकरालाच निओमायसिननं ॲनाफिलॅक्सिस झाला असेल तर लसीआधी डॉक्टरांशी बोला. आशाताईंना हा फरक ठाऊक असायला हवा, नाहीतर घरचे लोक घाबरून सगळ्याच लसी थांबवतात.

गोठ्याकडेही बघा. गायी-म्हशींना दगडी झाली की सडात सोडायच्या नळ्या, जनावरांच्या जखमेचे स्प्रे आणि मलमं, यांतही हीच अँटिबायोटिक असतात. धार काढणाऱ्याच्या बोटांना न जाणारी खाज आणि भेगा असतील तर स्वतःच्या मलमासोबत जनावराचंही औषध तपासा, हातमोजे घालून लावा, आणि जनावराचं औषध स्वतःच्या जखमेला कधीच लावू नका.

ज्या नळीनं त्रास झाला ती फेकू नका. बॅच क्रमांकासह जपून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. औषधांचे दुष्परिणाम नोंदवण्यासाठी देशात भारतीय औषधसंहिता आयोगाच्या अखत्यारीत फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रम चालतो. १८००-१८०-३०२४ हा त्याचा टोल-फ्री क्रमांक. तिथं रुग्ण किंवा नातेवाईक स्वतःही कळवू शकतात, डॉक्टरच लागतात असं नाही. वैद्यकीय महाविद्यालयांतही यासाठी नोंदणी केंद्रं असतात. औषधाचं नाव, कशासाठी लावलं, किती वेळानं काय झालं आणि पुढे काय उपचार केले, एवढं लिहून न्या.